जाल अझ-झोरचा कडा आणि मधली हवा

कुवेतला डोंगर नाही, ही आपल्या मंडळातल्या समस्त सह्याद्रीभक्तांची जुनी तक्रार. ट्रेकिंगचे बूट भारतातून हौसेने आणायचे आणि ते घालून मॉलमध्ये चकरा मारायच्या, एवढंच नशिबी! पण तक्रार पूर्णपणे खरी नाही. जहरा ओलांडून 80 नंबरच्या हायवेने अब्दलीच्या दिशेला निघालं की जमीन हळूहळू उठू लागते आणि मुत्लापाशी आपण खरोखर एका कड्यावर येतो. (या नावावर मराठी घरांत जेवढे विनोद होण्यासारखे होते तेवढे होऊन गेलेत, तेव्हा पुढे चला.) तिथून कुवेतच्या खाडीला समांतर, ईशान्येकडे साठेक किलोमीटर धावणारा हा कडा म्हणजे जाल अझ-झोर. उंची जेमतेम 145 मीटर. आमचं गाव अकोले तालुक्यातलं. 1646 मीटरची कळसूबाई रोज अंगणातून बघत वाढलेल्या माणसाने याला कडा म्हणायचं म्हणजे जिवावर येतं, पण ओसाड गावी एरंड बळी! या देशातली सगळ्यात उंच जागा पश्चिमेला सालमीच्या सीमाचौकीजवळ आहे, सुमारे 300 मीटर, आणि तिथे उभं राहिल्यावर आपण उंचावर आहोत हे जीपीएसने सांगावं लागतं.

नोव्हेंबर ते मार्च या भागात तंबू पडतात आणि आपलीही मंडळी कोळसा, चिकन आणि पत्त्यांचे कॅट घेऊन जातात. एकदा शेकोटी सोडून कड्याच्या टोकापर्यंत चालत जा. पायथ्याशी खारट चिखलाचे पांढुरके पट्टे, ज्यांना इथे सबखा म्हणतात. मग खाडीचं उथळ, गढूळ पाणी. आणि पलीकडे शहर. पाऊस पडून गेल्यानंतरच्या जानेवारीतल्या सकाळी शहरातल्या उंच इमारती कोणीतरी नुकत्याच पुसून ठेवल्यासारख्या दिसतात. तोझ असेल, म्हणजे आपल्या रोजच्या परिचयाची ती धूळ, तर शहर तर सोडाच, पायथ्याची खाडीसुद्धा नाहीशी होते. शहर जागेवरच असतं. बदललेली असते ती फक्त मधली हवा. माझी रोजीरोटी या मधल्या हवेवर चालते, म्हणून हा लेख.

उपग्रहचित्रांचं काम करतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. मागे हळदीकुंकवाला एका काकूंनी विचारलंच, "अहो, तुमच्या त्या सॅटेलाइटवरून आमच्या गच्चीवरचे पापड दिसतात का हो?" नाही दिसत, काकू. मी ज्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं सर्वांत जास्त वापरतो, त्यांचा एक ठिपका जमिनीवरचा तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद तुकडा असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर नऊ गुंठ्यांना एक ठिपका. त्या नऊ गुंठ्यांत पापड असोत, पाण्याची टाकी असो की अख्खी चाळ असो, उपग्रह प्रत्येक रंगपट्ट्यासाठी फक्त एक आकडा देतो. निळ्यासाठी एक, हिरव्यासाठी एक, लालसाठी एक, मग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे आणखी काही. अशा आकड्यांचं जाजम म्हणजे उपग्रहचित्र. फोटो म्हणून ते आपल्याला दिसतं ते नंतर.

आता गंमत अशी, की हा आकडा जमिनीचा नसतो. उपग्रह 705 किलोमीटरवर असतो. सूर्याचा उजेड हवेतून खाली येतो, जमिनीवर आपटतो, परत हवेतून वर जातो. जाता-येता हवा त्यातला काही खाते आणि काही वाटेतच उधळते. त्या उधळलेल्यातला थोडा भाग जमिनीला न शिवताच थेट वर उपग्रहाच्या डोळ्यांत जातो. म्हणजे हाती येणाऱ्या आकड्यात जमीन किती आणि हवा किती, हे आधी वेगळं करावं लागतं. दुधात पाणी किती हे बघण्याचाच प्रकार, फक्त इथे गवळी दोन आहेत, एक सूर्य आणि एक हवा.

सूर्याचा हिशोब सोपा आहे. लँडसॅट इथून सकाळी दहाच्या सुमारास जातो. त्या वेळी कुवेतमध्ये जूनच्या मध्याला सूर्य क्षितिजापासून साधारण 65 अंशांवर असतो आणि डिसेंबरात जेमतेम 31 वर. तिरप्या उजेडामुळे तीच वाळू डिसेंबरच्या चित्रात काळवंडलेली दिसते. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, त्यामुळे थोडी भरपाई होते, तरीही सपाट जमिनीवर पडणारा उजेड जूनच्या साठ टक्क्यांच्या आसपासच राहतो. हा भागाकार शाळेतल्या त्रिकोणमितीवर होतो. नववीतल्या मुलाला दिला तर तोही करील. (आमच्या घरातल्या नववीतल्या मुलाला दिला होता. "बाबा, उद्या करतो," असं उत्तर मिळालं.)

हवेचं मात्र तसं नाही. हवेतले साधे रेणू निळा उजेड जास्त उधळतात, आणि त्याचं गणित वायुदाब कळला की बसतं. बाष्पाचंही बऱ्यापैकी जमतं. घोडं पेंड खातं ते धुळीपाशी, आणि धुळीच्या बाबतीत आपला देश सधन! उन्हाळ्यात वायव्येकडून शमाल सुटतो तेव्हा इराकच्या मैदानांतली माती आपल्या खिडक्यांच्या फटींतून आत येते. 25 मार्च 2011 चा शुक्रवार जुन्या मंडळींच्या लक्षात असेल. दुपार कलताना क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहिली आणि पाहता पाहता अंधार झाला. मे 2022 मध्ये तर धुळीपायी विमानतळ काही तास बंद ठेवावा लागला होता. पण अशी वादळं आमच्या कामाला तशी निरुपद्रवी असतात. चित्र बघताक्षणी कळतं की हे टाकून द्यायचं. त्रास देते ती रोजची पातळ धूळ, जी चित्रात दिसत नाही पण आकड्यांत असते.

हवेचा वाटा ओळखायची एक जुनी, साधी आणि मला अजूनही आवडणारी युक्ती आहे. चित्रातली सगळ्यात काळी जागा शोधायची. खोल, नितळ पाण्यातून अवरक्त उजेड जवळजवळ परत येतच नाही. मग तिथे आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. तो बारा आला, तर ते बारा हवेचे. सगळ्या चित्रातून बारा वजा करा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या पॅट चावेझ यांनी 1988 मध्ये ही रीत सुधारून मांडली आणि जगभर ती वापरली गेली. आमच्या गावाकडे ही युक्ती चोख चालते. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. त्याचा जलाशय खोल, शिवाय भोवती दाट झाडी आणि कड्यांच्या सावल्या. काळ्या जागांना तोटा नाही.

इथे कुवेतमध्ये काळी जागा आणायची कुठून? खाडीचं पाणी उथळ, त्यात शत-अल-अरबचा गाळ. झाडी नाही. सावली पडायला डोंगर नाही. सगळीकडे उजळ वाळू आणि वर उजळ धूळ. पांढऱ्या धोतरावर पीठ सांडलं तर ते किती सांडलं हे कोण सांगणार? या अडचणीत बरीच वर्षं सगळेच अडकले होते, आणि वाळवंटावरची धूळ उपग्रहावरून मोजणं जवळजवळ सोडून दिल्यासारखं होतं. तोडगा निघाला तो वाळूच्या रंगातून. वाळू पिवळसर-तांबूस का दिसते? कारण निळा उजेड ती खाऊन टाकते. म्हणजे लाल रंगात झगझगीत दिसणारी तीच जमीन गडद निळ्या पट्ट्यात बघितली तर काळसर असते, आणि तिच्यावर तरंगणारी धूळ उठून दिसते. नासाच्या क्रिस्टिना सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ही पद्धत मांडली आणि तिला नावही दिलं ‘डीप ब्लू’. धोतर बदलता येत नाही, तर चष्मा बदला! मला विचाराल तर या क्षेत्रातल्या गेल्या पंचवीस वर्षांतल्या सुंदर कल्पनांपैकी ही एक. कोणतंही अवजड यंत्र नाही, फक्त वाळूकडे नीट बघणं.

हे इतकं कशाला करायचं, असं कोणालाही वाटेल. एक उदाहरण देतो. झाडोरा मोजायला आम्ही लाल आणि अवरक्त आकड्यांचं एक गुणोत्तर काढतो. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोहोंच्या बेरजेने भागायचं. समजा, पावसानंतर जाल अझ-झोरवर अरफजची पिवळी फुलं आली आहेत (हेच कुवेतचं राष्ट्रीय फूल), आणि जमीन लाल उजेडाचा 20 टक्के व अवरक्ताचा 30 टक्के भाग परत पाठवते आहे. गुणोत्तर आलं 0.20. आता वर पातळ धूळ आली आणि तिने लालमध्ये 5 आणि अवरक्तात 3 ची भर घातली. झाले 25 आणि 33, गुणोत्तर 0.14. एकाही बकरीने तोंड न लावता तीस टक्के हिरवळ गायब! कड्यावर सबाह अल-अहमद अभयारण्याचं कुंपण आहे. आतली झुडपं गुडघ्याइतकी आणि बाहेर उंटा-मेंढरांनी साफ केलेली जमीन, हा फरक गाडीतूनही दिसतो. हा फरक वर्षागणिक वाढतोय की घटतोय हे सांगायचं असेल, तर आधी धूळ बाजूला काढावीच लागते.

आता डोंगराकडे वळू. मी एम.एस्सी. केलं हॉलंडमध्ये, एन्स्केडे गावी. तो देश कुवेतहून सपाट, पण डोंगराची दुरुस्ती शिकवण्यात अत्यंत तत्पर! प्रॅक्टिकलसाठी मी हट्टाने अकोल्याच्या भागाचं चित्र घेतलं होतं. सूर्य सकाळी आग्नेयेला असतो, त्यामुळे डिसेंबरात सह्याद्रीची पूर्वेकडची अंगं उन्हात आणि कोकणाकडची अंधारात. हिशोब केला तर 30 अंश चढाच्या पूर्वेकडच्या उतारावर तेवढ्याच चढाच्या पश्चिमेकडच्या उताराच्या दुपटीहून अधिक थेट ऊन पडतं. कोकणकड्यासारखी उभी भिंत तर पूर्ण सावलीत. एकाच जातीचं जंगल दोन्हीकडे असलं तरी संगणक सांगतो की ही दोन वेगळी जंगलं आहेत. म्हणून प्रत्येक ठिपक्याचा उतार आणि त्याचं तोंड कुठे आहे हे उंचीच्या नकाशावरून काढायचं आणि त्या मानाने आकडा वरखाली करायचा. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने रडारने पृथ्वीचा बहुतेक वस्तीचा भाग मोजला, तेव्हापासून असा नकाशा घरबसल्या मिळतो.

यातही खोच आहेच. नुसता उन्हाच्या कोनाने भागाकार केला तर सावलीतले उतार भुतासारखे पांढरे निघतात, कारण सावलीतही आकाशाचा उजेड पोचत असतो. तो गणितात धरावा लागतो. तशी एक दुरुस्ती 1982 मध्ये कॅनडातल्या तेये आणि सहकाऱ्यांनी सुचवली. त्याआधीपासून वापरात असलेलं दुसरं सूत्र मिन्नार्ट नावाच्या युट्रेख्टच्या खगोलशास्त्रज्ञाचं. त्यांनी ते 1941 साली चंद्राच्या पृष्ठभागासाठी लिहिलं होतं. चंद्रासाठी शिवलेला अंगरखा सह्याद्रीला बऱ्यापैकी बसतो, हे मला तेव्हाही मजेशीर वाटलं होतं.

डोंगर नुसता उजेड बदलत नाही, जागाही बदलतो. लँडसॅट एका वेळी 185 किलोमीटर रुंदीचा पट्टा बघतो. पट्ट्याच्या कडेला तो तिरपा बघत असल्याने उंच जागा बाहेरच्या बाजूला कललेली दिसते. कळसूबाईचं शिखर अशा कडेला आलं तर दोनशे मीटरहून अधिक, म्हणजे सात ठिपके सरकतं. देवीचं देऊळ शेजारच्या दरीत! जाल अझ-झोरचा माथा त्याच हिशोबाने सरकतो 19 मीटर, एका ठिपक्याच्या आतच. त्याचं तोंड आग्नेयेला असल्यामुळे सकाळच्या चित्रात तो एक उजळ रेघ म्हणून दिसतो, आणि कुवेतपुरती डोंगराची दुरुस्ती जवळपास तिथेच संपते. उलट, गावाकडच्या डिसेंबरातल्या स्वच्छ हवेचं गणित एका जलाशयावर भागतं आणि सगळा जीव डोंगरात जातो. आमच्या दोन घरांनी ही कामंही वाटून घेतली आहेत म्हणा ना.

एवढं वाचून कोणी म्हणेल, आकडे जरा इकडे-तिकडे झाले तर बिघडलं कुठे? बिघडतं कुठे ते बघायला शहराच्या दक्षिणेला, बुरगानकडे जावं लागतं.

1991 च्या फेब्रुवारीत माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने 600 हून अधिक तेलविहिरी पेटवल्या. त्या वेळी इथे असलेल्यांनी भर दुपारी गाडीचे दिवे लावल्याच्या आठवणी सांगितलेल्या आहेत. शेवटची विहीर 6 नोव्हेंबर 1991 रोजी बंद झाली. त्या महिन्यांतली लँडसॅटची चित्रं आजही बघवत नाहीत. धुराचे काळे फराटे वाऱ्याबरोबर आखातावर पसरलेले, आणि साध्या रंगांत खालचं काही दिसत नाही. लांब लहरींच्या अवरक्त पट्ट्यांत मात्र धुराखालच्या ज्वाळा ठिणग्यांसारख्या दिसतात. आग विझल्यावर उरली तेलाची तळी. 300 हून जास्त, एकूण सुमारे 49 चौरस किलोमीटर. आमच्या हिशोबात 54 हजार ठिपके. शिवाय काजळी आणि तेलाचे थेंब वाळूत मिसळून डांबरी रस्त्यासारखी खपली तयार झाली, ती देशाच्या जवळजवळ पाच टक्के भागावर.

तळं कुठलं, खपली कुठली आणि नुसती काजळी कुठली, हे ठरवणं म्हणजे साफसफाईचा खर्च ठरवणं. नुकसानभरपाईसाठी संयुक्त राष्ट्रांनी 1991 मध्ये आयोग नेमला. इराकच्या तेलविक्रीतून कापून घेतलेली एकूण 52.4 अब्ज डॉलरची भरपाई वाटून जानेवारी 2022 मध्ये त्याचं काम पुरं झालं. त्यात वाळवंटाच्या दुरुस्तीचाही वाटा होता, आणि अशा दाव्यांत उपग्रहचित्रं पुढे आली. आता धुळीचा आकडा परत आठवा. उजळ वाळूवर धूळ आली तर फारसा फरक पडत नाही. पण तेल जेमतेम 5 टक्के उजेड परत पाठवतं. त्यात धुळीने 5 ची भर घातली की झाले 10, दुप्पट, आणि तो ठिपका तेलातून निघून काजळीच्या रकान्यात जाऊन बसला. धुळीच्या दिवसाचं चित्र जसंच्या तसं वापरलं तर तळी कागदावर आपोआप आटतात. स्वच्छ दिवसाचं पहिलं चित्र आणि तोझच्या दिवसाचं दुसरं चित्र शेजारी ठेवून ‘वाळवंट सुधारतंय’ असं म्हणायला फार धाडस लागत नाही.

हल्ली हवेची दुरुस्ती केलेली लँडसॅटची चित्रं तयार मिळतात. 2008 पासून सगळा साठा फुकट आहे आणि नव्या लोकांना जुनी कसरत करावी लागत नाही. याचा मला आनंदच आहे. पण सोबत प्रत्येक ठिपक्याला ‘इथे धूळ जास्त, जपून’ अशी खूण येते आणि ती खूण बरेच जण उघडूनही बघत नाहीत, हे काही बरं नाही. शेवटी जमिनीवर जावंच लागतं.

तसे आम्ही 2023 च्या थंडीत गेलो होतो, दक्षिणेकडच्या एका भागात, रीतसर परवानगी काढून आणि स्फोटकं साफ केलेल्या वाटेवरूनच. पांढऱ्या तबकडीवर उजेड मोजायचा, मग वाळूवर मोजायचा, सूर्याकडे रोखलेल्या छोट्या यंत्राने हवेतली धूळ मोजायची, असं उपग्रह डोक्यावरून जायच्या आधी आणि नंतर. आमचे ड्रायव्हर मल्याळी, वयाने माझ्याहून मोठे, आम्ही सगळे त्यांना चेट्टा म्हणतो. वीस-बावीस वर्षं या वाळूत गाडी हाकताहेत. त्या दिवशी हवा इतकी स्वच्छ होती की दुरुस्तीला काही कामच उरलं नव्हतं, आणि संगणकाने त्या जागेला ‘स्वच्छ वाळू’ म्हटलं होतं. आमच्या तबकडीनेही तेच सांगितलं. वाळू, अगदी नमुन्यासारखी पिवळी.

चेट्टा थोडा वेळ आमचा खेळ बघत उभे राहिले, मग म्हणाले, "सर, उधर नीचे सब काला है." गाडीतून फावडं आणलं आणि उकरलं. चार बोटांखाली काळी खपली लागली, तिच्याखाली अजून चिकट असलेला थर, आणि बत्तीस वर्षांनंतरही वास ताज्या डांबराचा. वाऱ्याने वरून वाळू आणून पसरली होती, उपग्रहाला दिसेल तेवढी. ठिपक्याचा क्रमांक वहीत लिहिला, ‘स्वच्छ वाळू’ खोडून ‘तेल, झाकलेलं’ असं केलं. त्या दिवशी यादीत अजून अकरा जागा होत्या. फावडं पुढच्या सीटवर, हाताशी ठेवलं आणि निघालो.